कणीक मळणारी आणि सूत कातणारी

इंग्रजीतल्या 'लेडी' या शब्दाच्या पोटात पाव आहे. चेष्टा नाही. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'ह्लॅफदिगे' असा लिहीत. त्यातला 'ह्लाफ' म्हणजे पाव, आजचा 'लोफ'. आणि 'दिगे' म्हणजे मळणारी. घरधनी 'लॉर्ड' हाही त्याच पावाचा: 'ह्लाफवेअर्ड', पावाचा राखणदार. त्यांच्या आश्रयाला असलेला गडीमाणूस 'ह्लाफएटा', म्हणजे पाव खाणारा. एक मळणार, एक राखणार, एक खाणार. सगळं घर एका पावात बसलं होतं.

पुढे जिभेवर घासून घासून शब्द झिजला. आपल्याकडे उपाध्यायांचे पाध्ये झाले, तसा प्रकार. पाव गळला, मळणं गळलं आणि गुळगुळीत 'लेडी' तेवढी उरली.

या मळण्याचं गोत मोठं आहे. कणकेच्या गोळ्याला इंग्रजीत 'डो' म्हणतात, तो यातलाच. 'डेअरी'तला पहिला तुकडा 'डे' म्हणजे घरातलं दूधदुभतं पाहणारी दासी. तीही मूळची मळणारीच. भाषाशास्त्राचे अभ्यासक आपला 'देह'सुद्धा याच गोतात बसवतात, कारण 'दिह्' म्हणजे लिंपणं, थापून आकार देणं. तेव्हा शब्दांपुरतं बोलायचं तर मालकीण आणि दासी या दोघी एकाच परातीतून उठलेल्या.

व्हिक्टोरिया १८३७ साली राणी झाली, तोवर परातीशी बसणारी आणि 'लेडी' म्हणवणारी यांच्यात दोन जिन्यांचं अंतर पडलं होतं. वरच्या मजल्यावर लेडी, तळघरातल्या स्वयंपाकघरात मळणारी. 'लेडी' आता सरदार-दरकदारांपुरती राहिली नव्हती. गिरणीमालकाची, वकिलाची, डॉक्टरची बायकोही लेडी होऊ पाहत होती. त्यासाठी जमीनजुमला लागत नव्हता. लागत होते ते मऊ, पांढरे, काम न केलेले हात आणि ते तसे राहावेत म्हणून खाली दुसऱ्या कोणाचे तरी राठ हात. इझाबेला बीटनबाईंचं गृहव्यवस्थेचं जाडजूड पुस्तक १८६१ साली आलं. त्याच्या आरंभीच घरच्या मालकिणीला सेनापतीची उपमा आहे. सेनापती म्हटल्यावर फौज आलीच, आणि बाईंनी मिळकतीप्रमाणे फौजेचं कोष्टकही देऊन टाकलंय. वर्षाला १,००० पौंड येत असतील तर स्वयंपाकीण, वरची आणि हाताखालची अशा दोन कामवाल्या, मुलांची दाई आणि एक पुरुष नोकर. १५० ते २०० पौंडच येत असतील तर एकच 'मेड ऑफ ऑल वर्क': चूल, केर, भांडी, कोळसा, मुलं, सगळ्याला ती एकटी. १८५१ च्या जनगणनेत ब्रिटनमधल्या घरनोकरांचा आकडा १० लाखांच्या वर गेला. शेतीखालोखाल माणसं कुठे राबत असतील तर ती दुसऱ्याच्या घरात.

त्यातलीच एक हॅना कलविक. जन्म १८३३ चा. लहानपणापासून घरकामाला लागलेली. आर्थर मन्बी नावाच्या सरकारी नोकराशी, जो कवीही होता, तिचं प्रेम जमलं. त्याच्या सांगण्यावरून ती वर्षानुवर्षं रोजनिशी लिहीत राहिली: आज किती बूट घासले, किती शेगड्या साफ केल्या, पायऱ्या धुताना कोण अंगावरून गेलं. १८७३ मध्ये दोघांनी गुपचूप लग्न केलं. आता ती कायद्याने एका सभ्य गृहस्थाची बायको होती, लेडी व्हायला मोकळी होती. तिने साफ नकार दिला. फ्रान्सच्या प्रवासापुरतं तिने लेडीचं सोंग वठवलं, पण लंडनच्या घरी परतल्यावर पुन्हा फडकं हातात घेतलं. आपल्या लाल, घट्टे पडलेल्या हातांचा तिला अभिमान होता, आणि लेडीच्या जगण्यात तिला मोकळीक दिसत नव्हती, कोंडी दिसत होती. मन्बीच्या मनात काय काय चाललं होतं तो वेगळा विषय आहे, आणि तो फारसा स्वच्छ नाही. पण 'लेडी' या शब्दाची परीक्षा एका मोलकरणीने घेतली आणि तो शब्द नापास केला, अशी दुसरी नोंद माझ्या वाचनात नाही. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात मन्बीचे पेटारे १९५० पर्यंत बंद ठेवले होते. ते उघडले तेव्हा हॅनाच्या रोजनिशा बाहेर आल्या.

इथे मराठी वाचकाला 'बाई' आठवल्याशिवाय राहणार नाही. सावित्रीबाई, अहिल्याबाई यांच्या नावातली बाई आदराची. शाळेतल्या बाई आदराच्या. आणि 'आज बाई आली नाही, भांडी पडलीत' यातली बाई? शब्द तोच, फक्त 'आल्या'चं 'आली' झालं. इंग्रजीला जे दोन शब्द करून साधावं लागलं, ते आपण एका क्रियापदाच्या शेपटीवर निभावून नेतो.

मधल्या पायरीवर अडकलेल्या एका शब्दाकडे जाता जाता पाहू. 'गव्हर्नर' आणि 'गव्हर्नेस' ही जोडी सुकाणू धरण्याच्या ग्रीक-लॅटिन शब्दातून आली. त्यातला पुल्लिंगी मुंबई इलाख्यावर राज्य करी. स्त्रीलिंगी कोणाच्या तरी मुलांना फ्रेंच आणि पियानो शिकवी आणि बहुधा एकटीच जेवे, कारण मालकांच्या पंक्तीला ती बसू शकत नव्हती आणि नोकरांच्या पंक्तीला तिने बसायचं नव्हतं. शार्लट ब्राँटीच्या १८४७ च्या कादंबरीतली जेन एअर थॉर्नफील्डच्या वाड्यात गव्हर्नेस म्हणून वर्षाला ३० पौंडांवर राहते. त्याच वर्षी धाकट्या ॲन ब्राँटीची 'ॲग्नेस ग्रे' आली, तीही गव्हर्नेसचीच गोष्ट. पुढे लेडी ईस्टलेक झालेल्या एलिझाबेथ रिग्बी यांनी १८४८ च्या डिसेंबरात 'जेन एअर'वर जे कडक परीक्षण लिहिलं, त्यात थॅकरेच्या 'व्हॅनिटी फेअर'बरोबर तिसरी वस्तू परीक्षणाला घेतली होती ती म्हणजे गव्हर्नेसांना मदत करणाऱ्या संस्थेचा अहवाल. कादंबऱ्या आणि धर्मादाय संस्थेचा अहवाल एका लेखात! कुळाने, शिक्षणाने आपल्यासारखी, फक्त पैशाने खाली. त्यामुळेच तिच्याशी वागायचं कसं हे कळत नाही, असा बाईंचा एकंदर सूर. सुकाणू हातात आणि नाव दुसऱ्याची.

पण मला खरं सांगायचंय ते 'स्पिन्स्टर'विषयी.

'स्पिन' म्हणजे कातणं, आणि 'स्टर' हा जुन्या इंग्रजीतला बायकांच्या कामाचा प्रत्यय. ब्रू करणारी ती ब्रूस्टर, म्हणजे बीअर गाळणारी. बेक करणारी ती बॅक्स्टर. विणणारी ती वेबस्टर. ज्या वेबस्टरच्या नावाचा शब्दकोश आपण टेबलावर ठेवतो, त्याच्या आडनावात कोणी तरी कोष्टीण बसली आहे. पुढे उत्तरेकडे पुरुषांनाही हा प्रत्यय लावू लागले, त्याचं बायकीपण विसरलं गेलं. इतकं की शिवणारीला 'सीमस्टर' म्हणून भागेना, तिला आणखी एक स्त्रीलिंगी शेपूट लावून 'सीमस्ट्रेस' करावं लागलं. दोन-दोन स्त्रीप्रत्यय अंगावर घेऊन ती बिचारी रात्र रात्र सदरे शिवत बसली. टॉमस हूडने १८४३ साली 'पंच' साप्ताहिकात तिच्यावर कविता लिहिली आणि अख्खं इंग्लंड हळहळलं. सदऱ्यांचे दर त्या हळहळीने वाढले नाहीत.

बाकीच्या 'स्टर' आडनावांत जाऊन निजल्या. एकटी स्पिन्स्टर जागी राहिली, कारण तिला सरकारी कागदात काम मिळालं. सतराव्या शतकापासून कायद्याच्या दस्तात अविवाहित स्त्रीच्या नावापुढे 'स्पिन्स्टर' लिहू लागले. यात तेव्हा हिणवणं नव्हतं. लग्न न झालेली मुलगी घरात कातत असे, म्हणून कातणारी. आता गंमत पाहा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कातणं घरातून उचलून गिरणीत नेलं. त्या काळातल्या कातायच्या एका नव्या यंत्राचं नाव 'स्पिनिंग जेनी'. जेनी ही जेम्स हारग्रीव्ह्जची मुलगी, अशी गोष्ट सांगतात; गोष्ट गोड आहे म्हणून टिकली, पुरावा म्हणून नव्हे. ते काही असो, कातणाऱ्या बाईच्या हातून चाती काढून घेणाऱ्या यंत्राला बाईचंच नाव मिळालं. पाठोपाठ १७७९ मध्ये सॅम्युएल क्रॉम्प्टनचं 'म्यूल' आलं. ते जड, आणि त्यावर कातणारे झाले पुरुष. त्यांना काय म्हणायचं? 'स्पिनर'.

व्हिक्टोरियन समाजाचा अर्धा इतिहास मला या दोन प्रत्ययांत दिसतो. 'स्पिनर' म्हणजे कसबी कामगार: संघटनेचा सभासद, बऱ्या मजुरीचा, संपाची भाषा बोलणारा. 'स्पिन्स्टर' म्हणजे जिचं लग्न झालं नाही ती. तेच कातणं पुरुषाला चिकटलं तेव्हा त्याचा धंदा झाला, आणि बाईला चिकटलं तेव्हा तिचं नशीब झालं. धंदा गेला, नाव मागे राहिलं. वर्गाची लढाई लढणाऱ्यांनीही हे सावरलं असं नाही. १८२९ च्या डिसेंबरात आइल ऑफ मॅन बेटावर गिरणीतल्या कातणाऱ्यांची मोठी परिषद भरली आणि देशभराची एकच संघटना उभी करायचं ठरलं. त्याच बैठकीत हेही ठरलं की सभासद फक्त पुरुष असतील. कातणाऱ्या बायकांनी हवं तर आपली निराळी संघटना काढावी. विणकरांचं वेगळं होतं हे मात्र सांगायला हवं. लँकेशरच्या मागांवर बायका मोठ्या संख्येने होत्या आणि ब्लॅकबर्नला १८५३ साली ठरलेली दरांची यादी बाईपुरुष दोघांना एकच होती. वेबस्टरने आपली जागा थोडीफार राखली. स्पिन्स्टरला ती मिळाली नाही.

शार्लट ब्राँटीने हे दोन्ही धागे एका कादंबरीत ओवून पाहिले. 'शर्ली' आली १८४९ मध्ये, पण तिचा काळ १८११-१२ चा, यॉर्कशरच्या लोकर गिरण्यांतला, जेव्हा कामगार रात्री हातोडे घेऊन यंत्रं फोडायला येत. एकीकडे काम गेलेले पुरुष. दुसरीकडे कॅरोलिन हेलस्टन, जिला काम कधी मिळालेलंच नाही. आपलं लग्न होणार नाही असं वाटू लागल्यावर ती गावातल्या म्हाताऱ्या अविवाहित बायकांकडे जाऊन बसते आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं करायचं काय, याचा अंदाज घेते. कादंबरी म्हणून 'शर्ली' विस्कळीत आहे, मान्य. पण यंत्रामुळे रिकामा झालेला मजूर आणि चालीरीतीमुळे रिकामी ठेवलेली मुलगी यांना समोरासमोर बसवायचं धाडस तिच्यात आहे. शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला आणखी एक बक्षीस: शर्ली हे तोवर पुरुषाचं नाव होतं. कादंबरीतल्या आईबापांना मुलगा हवा होता, मुलगी झाली, म्हणून त्यांनी ठरवलेलं नाव तिलाच देऊन टाकलं. पुढे ते नाव बायकांचंच झालं.

१८५१ च्या जनगणनेतून आणखी एक गोष्ट बाहेर आली: पुरुषांपेक्षा स्त्रिया सुमारे पाच लाखांनी जास्त. त्यावर वर्तमानपत्रांत चर्चा सुरू झाली ती अशी की जणू धान्याच्या कोठारात उंदीर सापडले. विल्यम रॅथबोन ग्रेगने १८६२ साली एक लेख लिहिला आणि या अविवाहित स्त्रियांना 'रिडंडंट' म्हटलं. लॅटिनमध्ये 'उंदा' म्हणजे लाट. 'रिडंडंट' म्हणजे लाट काठावरून बाहेर यावी तसं उतू गेलेलं, फाजील. ग्रेगचा उपाय सोपा होता: बोटीत बसवा आणि वसाहतींकडे पाठवा, तिकडे नवरे पडलेत. पण त्याच लेखातली खरी चावी वेगळीकडे आहे. घरकाम करणाऱ्या लाखो अविवाहित मोलकरणी त्याच्या मते फाजील नव्हत्याच. का? तर त्या पुरुषांची सेवा करतात आणि पुरुषांच्या पैशावर पोसल्या जातात. स्त्रीजन्माचं दोन्ही अंगांनी सार्थक झालं. फाजील ठरली ती मध्यमवर्गातली, जिला ना नवरा ना मालक. त्याच वर्षी फ्रान्सिस पॉवर कॉबने उत्तर दिलं. या बायका आपलं आयुष्य आपण घडवू शकतात, त्यांना शिकू द्या, काम करू द्या, हा त्याचा मथितार्थ. १८९३ मध्ये जॉर्ज गिसिंगने कादंबरीला नावच दिलं 'द ऑड विमेन'. ऑड म्हणजे विषम, जोडी न जमलेला, एकटा पडलेला हातमोजा. त्या कादंबरीतल्या दोघी जणी मुलींना टाइपरायटिंग शिकवतात. तेव्हा 'टाइपरायटर' म्हणजे यंत्रही आणि ते चालवणारी मुलगीही. दोहोंना एकच नाव. 'रिडंडंट'चं पुढे काय झालं ते ठाऊक आहे ना? आज ब्रिटनमध्ये कामगारकपात झाली की काढून टाकलेल्या माणसाला 'रिडंडंट' म्हणतात. उतू गेलेल्या बायकांच्या लाटेत शेवटी स्पिनरसुद्धा आला.

त्या स्पिनरचंही एक नाव होतं, आणि ते त्याचा वेगळ्या तऱ्हेने अपमान करणारं: 'हँड'. गिरणीत इतके 'हँड्स' आहेत, आज इतके 'हँड्स' कमी आले. लेडीच्या बाबतीत भाषेने हात पुसून बाई ठेवली होती. मजुराच्या बाबतीत माणूस पुसून हात ठेवला. डिकन्सने 'हार्ड टाइम्स'मध्ये (१८५४) या शब्दाची मुद्दाम मोठ्या अक्षराने खिल्ली उडवली. ती कादंबरी त्याच्याच 'हाउसहोल्ड वर्ड्स' साप्ताहिकात क्रमशः आली आणि ती संपताच त्याच जागेवर एलिझाबेथ गॅस्केलची 'नॉर्थ अँड साउथ' सुरू झाली. गॅस्केलबाईंना कादंबरीचं नाव 'मार्गारेट हेल' ठेवायचं होतं. बदललं ते संपादक डिकन्सने. माझं मत विचाराल तर कामगाराविषयी डिकन्सला कणव आहे, गॅस्केलला ओळख आहे. ती मँचेस्टरमध्ये राहत होती. तिची मार्गारेट दक्षिणेतल्या पाद्र्याची मुलगी, गिरणीच्या गावात येते आणि हळूहळू तिथली बोली उचलते. आईला ते खपत नाही. गिरणीतले शब्द मुलीच्या तोंडी शोभत नाहीत. तेव्हा मार्गारेट आणखी एक शब्द टाकते: 'नॉबस्टिक', म्हणजे संप फोडून कामावर जाणारा. शब्द घरात आला म्हणजे माणसं घरात आली, हे आईलाही कळतं आणि मुलीलाही. मार्गारेटची मैत्रीण बेसी हिगिन्स कार्डिंग खात्यात कापसाची तुसं छातीत जाऊन मरणाला टेकली आहे. तुसं ओढून घेणारं चक्र काही गिरण्यांत असतं, पण त्याला पाच-सहाशे पौंड पडतात आणि त्यातून नफा निघत नाही, असं ती अगदी सरळ सांगते. आणि काही कामगारांनाच ते चक्र नको असतं, कारण तुसं गिळायची सवय मोडली की भूक जास्त लागते. हे वाक्य हृदय पिळवटण्यासाठी लिहिलेलं नाही. ते कोणाकडून तरी ऐकल्यासारखं आहे.

या गॅस्केलबाईंना 'लिझी ली' या कथेचे २० पौंड मिळाले तेव्हा नवऱ्याने ते शांतपणे आपल्या खिशात घातले, असं त्यांनी मैत्रिणीला गमतीने कळवलं होतं. गंमत म्हणा, पण कायदा तसाच होता. लग्न झालेली स्त्री 'फेम कव्हर्ट', नवऱ्याच्या पांघरुणाखालची. तिची कमाई त्याची. स्वतःची मजुरी स्वतःकडे ठेवायचा हक्क बायकोला १८७० च्या कायद्याने मिळाला आणि मालमत्तेचा १८८२ च्या. गंमत अशी की तोवर कमाईची खरी मालकीण होती ती स्पिन्स्टरच.

'संपा'चं मूळही याच ठिकाणी उकलून ठेवतो. इंग्रजी 'स्ट्राइक' बंदरातून आला. १७६८ साली खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडं खाली उतरवली; शिड उतरवणं म्हणजे 'स्ट्राइक'. आपल्या 'संपा'त मात्र थांबणं नाही, जुळणं आहे. गुजरातीत आजही 'संप' म्हणजे एकोपा. ब्रिटिश संसदेने १७९९ आणि १८०० साली कामगारांच्या ज्या जुळण्यावर बंदी घातली, त्या कायद्यांचं नावही 'कॉम्बिनेशन ॲक्ट्स'. १८८८ च्या जुलैत लंडनच्या बो भागातल्या काडेपेटी कारखान्यातल्या सुमारे १,४०० बायका-मुली बाहेर पडल्या. त्यांच्या हालांवर जूनमध्ये लेख लिहिणारी ॲनी बेझंट पुढे हिंदुस्थानात आली आणि १९१७ मध्ये काँग्रेसची अध्यक्ष झाली. त्या संपाला इंग्रजीत 'मॅचगर्ल्स'चा संप म्हणतात. त्यांत लेकुरवाळ्या बायकाही होत्या, पण मजूर बाई कितीही मोठी झाली तरी 'गर्ल'च. 'हँड्स' मात्र समुद्र ओलांडून आपल्याकडे आले: नारायण मेघाजी लोखंडे यांच्या संघटनेचं इंग्रजी नाव 'बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन'. मराठीने त्याचे 'गिरणीचे हात' केले नाहीत, 'गिरणी कामगार' केलं, हे बरं झालं. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार गिरणी कामगारांची सभा भरली तेव्हा दोन कामगार बायाही बोलायला उभ्या राहिल्या. रविवारची सुटी त्याच वर्षीच्या जूनमध्ये मिळाली.

सगळ्यांत महाग शब्दचर्चा झाली ती 'मॅन' या शब्दावर, आणि झाली ती थेट संसदेत. १८६७ च्या मतदान सुधारणा विधेयकात 'मॅन'च्या जागी 'पर्सन' घाला, अशी दुरुस्ती जॉन स्ट्युअर्ट मिलने २० मे रोजी मांडली. लॅटिन 'पर्सोना' म्हणजे नाटकातला मुखवटा. मिल बायकांसाठी मुखवट्यापुरती जागा मागत होता, तीही घरपट्टी भरणाऱ्या बायकांसाठीच; त्याच्या 'पर्सन'मध्ये हॅना कलविक बसत नव्हती. बाजूने ७३ मतं पडली, विरुद्ध १९६. मग मँचेस्टरच्या पाच हजारांवर बायकांनी दुसरी वाट धरली. १८५० चा एक कायदा सांगत होता की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रीलिंगही धरावं. मग 'मॅन'मध्ये आम्ही आहोतच, नावं घाला यादीत. नोव्हेंबर १८६८ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला: कर भरताना 'मॅन'मध्ये स्त्री येत असेल, मत देताना येत नाही. व्याकरण जिंकलं असतं तर पन्नास वर्षं वाचली असती.

इंग्लंडच्या विवाहकायद्याची एक फांदी मुंबईपर्यंत पोचली. 'कॉन्जुगल राइट्स' यातलं 'कॉन्जुगल' म्हणजे एका जुवाला जुंपलेलं. लॅटिन 'युगुम', संस्कृत 'युग' आणि आपलं बैलाच्या मानेवरचं 'जू' ही सख्खी भावंडं. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या रखमाबाईंवर नवऱ्याने १८८४ मध्ये या जुवाचा दावा लावला. हा दावा धर्मशास्त्रातला नव्हता, इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला होता. आणि नवऱ्याकडे न जाणाऱ्या बायकोला तुरुंगात टाकायची तरतूद इंग्लंडने १८८४ सालीच काढून टाकली असताना, १८८७ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने रखमाबाईंना सांगितलं: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंग पत्करेन, असं त्या म्हणाल्या. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या लंडनला डॉक्टर व्हायला गेल्या. त्याआधी १८८५ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध त्यांची पत्रं छापून आली, तेव्हा त्यांनी खाली सही केली होती 'अ हिंदू लेडी'. नुसती 'हिंदू वुमन' असती तर इंग्रज वाचकाने पान उलटलं असतं, असं मला वाटतं. त्या काळी ऐकून घ्यायचं तर आधी लेडी असावं लागे.

स्पिन्स्टरचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ पासून लग्नांची सरकारी नोंदवही सुरू झाली. तिच्यात नवरीच्या नावापुढे रकाना 'कंडिशन'चा, त्यात लिहायचं 'स्पिन्स्टर'. पुढचा रकाना धंद्याचा. तिथे बहुतेक वेळा नुसती रेघ, मग ती रोज गिरणीत दहा तास कातणारी का असेना. त्यापुढे वडिलांचं नाव आणि वडिलांचा धंदा. आईला रकानाच नव्हता. 'स्पिन्स्टर' हा शब्द त्या वहीतून २००५ च्या डिसेंबरात गेला. तिथे आता 'सिंगल' लिहितात. आईचं नाव आणि आईचा धंदा लिहायची सोय इंग्लंड आणि वेल्समध्ये झाली ४ मे २०२१ रोजी.